दसऱ्याचे बूट

बाबा, चक्की चालू आहे. तुम्ही असता तर पहिलं हेच विचारलं असतं, म्हणून आधी तेच सांगतो. जागा तीच आहे, पट्टा नवा आहे, आणि पावसाळ्यात जळालेली मोटर भरून घेतली आहे. आत्ता लाइन गेली आहे. बायका आपापले डबे रांगेत ठेवून घरी गेल्या आहेत आणि मी तुमच्या लाकडी खुर्चीवर बसून लिहितो आहे. खुर्चीचा एक पाय अजून तसाच डुगडुगतो. तुम्ही त्याखाली पाटीचा तुकडा ठेवायचे, मीही तोच ठेवतो. तुम्हाला जाऊन वीसच्या वर वर्षं झाली. इतक्या वर्षांत तुम्हाला लिहावं असं कधी वाटलं नाही, कारण जे बोलायचं ते देवापुढं बसल्यावर मनात बोलून होतं. यंदा मात्र सांगायचं जास्त आहे आणि मनात नीट लागत नाही. कागदावर लागेल असं वाटलं.

मला साखर निघाली आहे, बाबा. तुमच्या माघारी आपल्या घरात या आजाराचं नाव कोणी घेत नाही. माय दुकानातून साखर आणायची झाली तरी ‘चहाचं सामान’ म्हणते. मला श्रावणात कळलं. चक्कीवर बसल्या बसल्या मी अर्धी कळशी पाणी प्यायचो तरी जीभ कोरडी. काट्यावरचा आकडा पुसट दिसायला लागला. वय झालं, चष्मा करून घ्यावा म्हणून पांढरकवड्याला गेलो, तर चष्म्याच्या डॉक्टरांनी आधी रक्त तपासून या म्हटलं. आकडा तीनशेच्या वर होता. मग तो कागद घेऊन दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टर वाईट नव्हते. त्यांनी गोळी लिहून दिली, गोड बंद, भात कमी, रोज चालत जा, असं सगळं सांगितलं. बाहेर वऱ्हांड्यात माणसं दाटीनं उभी होती. काही विचारायचंय का, असं ते म्हणाले. मला एकच विचारायचं होतं, माझ्या बापासारखा माझाही पाय जाईल का. मी म्हटलं, नाही, काही नाही.

परत येताना एसटीत खिडकीजवळ बसलो आणि सगळा वेळ तुमचं शेवटचं नवरात्र डोळ्यापुढं होतं. घट बसले त्या सकाळी तुम्ही चपला धुवून माळ्यावर ठेवल्या, दरवर्षी ठेवायचे तशा. नऊ दिवस अनवाणी. चक्कीतही अनवाणी, वावरातही. मग अष्टमीला पहाटे उठून केळापूरला देवीच्या दर्शनाला पायी. त्या वर्षी तुम्ही आलात, जेवलात, झोपलात. दसऱ्याला चपला घालायला गेलात तेव्हा डावा पाय चपलेत शिरेना, इतका सुजलेला. यवतमाळच्या दवाखान्यात त्यांनी जखम उघडली तेव्हा आत बाभळीचा काटा होता, अख्खा, काळा पडलेला. तुम्ही त्याच्याकडे दुसऱ्याच्या पायातला असल्यासारखं पाहत राहिलात आणि म्हणालात, “मले तर लागलाच नाही.” तुम्हाला कितीतरी वर्षांपासून साखर आहे हेही आम्हाला तिथंच कळलं. आधी पाय गेला, मग दिवाळीच्या आत तुम्ही गेलात.

म्हणून मी घरात सांगितलं नाही. मायला तर नाहीच. आणि गंमत पाहा, गावात सगळ्यांचं गुपित ज्याला कळतं त्यानंच आपलं लपवायचं. चक्कीवाल्याला कोणी काही सांगावं लागत नाही, डब्याचं झाकण उघडलं की समजतं. कोणाकडे बाळंतीण आहे, कोणाकडे पाहुणे येणार, कोणाच्या घरी गव्हाची पुन्हा ज्वारी झाली. आता गावात ज्वारीचे डबे वाढले आहेत, आणि ज्वारीच्या डब्यावर एक लहान पुडी असते. जांभळाच्या बिया, मेथीदाणा, कोणाचा वाळवलेला कडुनिंब. ‘याले बारीक करून देजा भाऊ,’ एवढंच म्हणतात. मी सगळ्यांच्या पुड्या दळत गेलो आणि प्रत्येकातली चिमूट जिभेवर टाकत गेलो. कोणी म्हणे कारल्याचा रस घेतला की गोळी लागत नाही. मी रस घेतला आणि गोळी सोडली. चार दिवस बरं वाटलं. मग दुपारी डोळ्यापुढं अंधारी यायला लागली, तरी मी रसच वाढवला.

तुमच्या सुनेनं मला पकडलं ते नाकानं. जेवायला वाढता वाढता म्हणाली, “मेथी दळली की चक्कीत मूठभर ज्वारी फिरवून काढा लागते, हे तुमीच मले शिकवलं. मंग आपल्याच पिठाले रोज मेथीचा वास काहून येऊन राह्यला?” मी मान खाली घालून भाकर मोडत राहिलो. ती उठली, माझ्या सदऱ्याच्या खिशातून गोळ्यांची पट्टी काढून आणली आणि ताटाशेजारी ठेवली. रागावली नाही. “मले सांगाले काय झालं होतं,” एवढंच म्हणाली, आणि मग बराच वेळ पदरानं डोळे पुसत बसली. त्या दिवसापासून मायपासून लपवणारे आम्ही दोघं झालो. तिनं भात कमी केला तो ‘तांदूळ संपत आले’ म्हणून. चहात साखर टाकायची विसरते म्हणून माय तिला बोलू लागली, आणि ती ऐकून घेऊ लागली.

मग मोटर जळाली. भरून द्यायला पांढरकवड्याचे मिस्त्री चाचा आले. तुम्ही त्यांच्या वडिलांना ओळखायचे, सायकलवर अवजाराची पेटी बांधून यायचे ते. चाचा आता साठीला आले आहेत, दाढी पांढरी, स्कूटीवर येतात. त्यांनी मोटर उघडली, मी चहा मागवला, त्यांना दिला आणि स्वतः कळशीतून पाणी घेतलं. थोड्या वेळानं पुन्हा घेतलं. त्यांनी तार गुंडाळता गुंडाळता वर न पाहता विचारलं, “किती आली?”

मी विचारलं, काय.

“शुगर, भाऊ. मोटर उघडल्याबिगर मले आवाजावरून समजते कोणती कॉइल गेली. तुमची तहान समजणार नाही काय? मीबी त्याच बिरादरीतला आहो.”

इतक्या दिवसांत तो आकडा मी पहिल्यांदा मोठ्यानं उच्चारला. त्यांनी गोळी विचारली, मी पुड्यांचं सांगितलं. ते हसले नाहीत. जळालेली काळी तार माझ्या हातात दिली आणि म्हणाले, ही चक्की एक दिवस कारल्याच्या रसावर चालवून दाखवा, चालली तर मी उद्यापासून गोळी सोडतो. मग म्हणाले, बुधवारी माझ्याबरोबर चला. कुठं, विचारलं तर म्हणाले, “आमच्या बाजारात. तिथं फक्त पेढेवाला नसते, बाकी सगळे भेटते.”

तो बाजार म्हणजे सरकारी दवाखान्याच्या आवारात लिंबाच्या झाडाखालचा बाक. बुधवारी साखरवाल्यांची तपासणी असते, आणि नंबर येईपर्यंत माणसं तिथं बसतात. बाबा, मी जन्मात इतकं मोकळं बोलणं ऐकलं नव्हतं. एक म्हातारी बाई सगळ्यांना सांगत होती की पोराच्या लग्नात तिनं दोन जिलब्या खाल्ल्या, आणि नंतर आकडा पाहून सिस्टरपेक्षा जास्त स्वतःलाच शिव्या दिल्या. एक जण ज्वारीची भाकर कशी थापली की मऊ राहते ते विचारत होता, त्याची बायको माहेरी गेली होती. कोणी कोणाकडे कीव करून पाहत नव्हतं. मला वाटलं होतं की साखर म्हणजे माणूस गप्प होत होत संपतो, जसे तुम्ही झालात. इथं तर माणसं आठ-आठ, दहा-दहा वर्षं साखर घेऊन बसली होती आणि एकमेकांची फिरकी घेत होती.

आत सिस्टर होत्या, जेमतेम पंचविशीच्या. घाई असेल त्यांना, पण बसा म्हणाल्या आणि मी बसेपर्यंत थांबल्या. काही विचारायचंय का, हे त्यांनीही विचारलं. चाचा मागं उभे होते, त्यांनी माझ्या खांद्यावर बोट टेकवलं. मग मी विचारलं. माझ्या बापाचा पाय कापला, माझा कापावा लागेल का. त्यांनी पेन खाली ठेवलं. साखर निघाली म्हणून पाय जात नाही, काका, असं म्हणाल्या. साखर वाढलेली राहिली की पायाचं समजणं कमी होतं, मग जखम झाली तरी कळत नाही, आणि न कळलेली जखम वाढत जाते. गोळी वेळेवर, जेवण वेळेवर, आणि रोज पाय पाहायचे, इतकं केलं तर पुष्कळ माणसं आपल्या पायावर चालत म्हातारी होतात. मी ते ऐकलं आणि मला एकदम फार झोप आल्यासारखं झालं. इतके दिवस कशाला तरी घट्ट धरून बसलो होतो, तो हात सैल पडला.

मग त्यांनी मला चपला काढायला लावल्या. परक्या बाईनं पायाला हात लावायचा म्हणजे मला कसंतरी झालं, मी आधी हात जोडले. डोळे मिटा म्हणाल्या, आणि नायलॉनचा एक बारीक ताठ दोरा पायाला टेकवत गेल्या. लागला की सांगा. लागला, लागला, लागला. डाव्या पायाच्या अंगठ्यामागं त्या थांबल्या. मीही थांबलो. लागला का, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, अजून टेकवलाच कुठं? डोळे उघडून पाहिलं तर दोरा टेकून वाकला होता.

तुमचाही डावाच होता, बाबा.

त्यांनी विचारलं, अनवाणी चालता का? मी नवरात्राचं सांगितलं. तुमच्या माघारी मी एक वर्षही चुकवलं नाही. तेराव्यानंतर माळ्यावरच्या तुमच्या चपला पाहिल्या आणि तुमचा नवस आता मी चालवायचा असं मनाशी धरलं. कोणी सांगितलं नव्हतं, आणि नवस कशाचा होता हेही मला ठाऊक नव्हतं. आपल्याकडे नवसाचं कारण कोणी विचारत नाही, बापाचं देवाशी काय बोलणं झालं ते पोरानं विचारू नये. सिस्टर म्हणाल्या, देवाधर्माचं मी सांगू शकत नाही, पण या पायानं अनवाणी एक पाऊलही नको, घरातसुद्धा नको. घट बसायला महिनाही नव्हता.

येताना रस्त्यात चाचांनी स्कूटी टपरीवर थांबवली, बिनसाखरेचे दोन चहा सांगितले. माझ्या डोक्यात नवरात्रच घोळत होतं, ते त्यांना समजलं. म्हणाले, साखर निघाली त्या पहिल्या रमजानला मी कोणाला न सांगता सगळे रोजे धरायला बसलो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुकानात स्टुलावरून खाली पडलो, हातातला पाना गिऱ्हाइकाच्या पायावर. मग डॉक्टरांकडे गेलो आणि मग मौलवीसाहेबांकडे. “ते म्हणे, जान तुझी नाही, अमानत आहे. सांभाळाले देल्ली आहे, जाळाले नाही. मले रडू आलं, भाऊ. मी समजत होतो का मी कमजोर पडलो.” आता ते रोज्याच्या बदल्यात गरिबाला जेवू घालतात. चहा संपवून म्हणाले, “मी माह्या माणसाले विचारलं. तुमी तुमच्या माणसाले विचारा.”

माझं माणूस कोण? पुजाऱ्याला विचारावं असं आधी वाटलं. पण नवस तुमचा, त्याचे शब्द पुजाऱ्याला काय माहीत. ते माहीत असलंच तर एका मायला. आणि मायला विचारायचं म्हणजे आधी तिला सांगायचं की ज्यानं तिचं कुंकू पुसलं तेच आता पोराच्या अंगात आलं आहे. मी तीन बुधवार तिकडं जाऊन आलो, आकडा उतरत होता, पण मायपुढं गेलो की दळणाचं, पावसाचं बोलून परत यायचो.

त्या दिवसांत मला तुमचं एक रागावणं सारखं आठवत होतं. मी तिसरीत असेन. घट बसले होते, तुम्ही अनवाणी होता, म्हणून मीही चप्पल काढून तुमच्या मागंमागं चक्कीत आलो. मला वाटलं तुम्ही शाबासकी द्याल. तुम्ही मला कधी हात लावला नाही, पण त्या दिवशी माझा दंड असा धरला की वळ उठला. “तुह्या पायातली चप्पल निघाली नाही पायजे,” तुम्ही म्हणालात. आवाज कापत होता. मी रडत घरी गेलो. मग दसऱ्याला तुम्ही पांढरकवड्याच्या बाजारातून माझ्यासाठी कापडी बूट आणले, दरवर्षी आणायचे तसे. वर्गातली पोरं स्लिपर घालून यायची, पुष्कळशी तशीच यायची, आणि मला मात्र दर दसऱ्याला नवे बूट. तुमच्या चपलेला तीन-तीन वेळा अंगठा शिवलेला असायचा. मी समजायचो की एकुलता एक आहे म्हणून लाड.

माय दुपारी ओसरीवर अखंड दिव्यासाठी वाती वळत बसली होती. मांडीवर कापूस, बोटांना राख. मी समोर बसलो आणि सांगून टाकलं. तिचे हात थांबले नाहीत. ती वात पूर्ण केली, बाजूला ठेवली, मग म्हणाली, “चहाले गोडी नव्हती तवाच मले समजलं. सून इतकी येडी नाही.” मग म्हणाली, “पाय दाखव.” मायच्या अंगाला पाय लावायचा कसा, मी मागं सरलो. तिनं माझा डावा पाय ओढून मांडीवरच्या कापसावर घेतला आणि राखेच्या बोटांनी तळवा चाचपत राहिली, लहान लेकराचा चाचपतात तसा. मी अंगठ्यामागची जागा दाखवली. नवसाचं विचारलं. अनवाणी नाही गेलो तर देवी रागावेल काय, बाबा रागावतील काय.

तिनं कापूस बाजूला सारला आणि पाय मांडीवर नीट घेतला.

“तू तिसरं वर्ष लागेपर्यंत उभा नोयता राह्यला,” ती म्हणाली. “पाय गोधडीच्या चिंधीवाणी लोंबे. लोकं म्हणे पांगळं आहे. तुह्या बापानं तुले खांद्यावर घेऊन केळापुरात नेलं अन् देवीले बोलला, माय, लेकराले पायावर उभं कर, मी जिता आहो तोवर नवरात्रात पायात काही घालणार नाही. तो नवस तुह्या पायासाठी होता, बावा. अन् त्याच्या जितेपणाचा होता. त्याच्यासंगच फिटला.”

मी विचारलं, मग इतकी वर्षं मला सांगितलं का नाहीस. ती म्हणाली, “तू बापाच्या याद्दीनं चालून राह्यला असं वाटे. ते पाह्यलं का मले बरं वाटे. मोडू कायले.” मग पदरानं माझ्या तळव्याची राख पुसली. “तुहे पाय त्यानं मागून आणले होते. सांभाळ त्याईले. दसऱ्याले बूट घेत होता ना तुले तो, यंदा घटालेच घे.”

बाबा, मी उठून देवघरात गेलो आणि भिंतीला टेकून रडलो. दुःखानं नाही. तुम्ही माझा दंड का धरला होता ते कळलं म्हणून.

बूट घ्यायला आम्ही तिघं गेलो, मी, तुमची सून आणि माय. मऊ तळाचे, पुढून बंद, काळे. मायनं दुकानदाराला आत हात घालून शिवण टोचते का ते तीनदा पाहायला लावलं. दुकानदार म्हणाला, आजी, बूट तुम्हाला घालायचे आहेत काय. ती म्हणाली, “मलेच समज.” घट बसले, मी बूट घालून चक्की चालवली. गावातल्या दोघांचौघांनी विचारलं, यंदा काय झालं भाऊ. पहिल्याला काहीतरी सांगून टाळलं. दुसऱ्याला खरं सांगितलं. त्यानं इकडंतिकडं पाहिलं आणि हळूच विचारलं, बुधवारी किती वाजता जाता. त्याच्या पुड्या मी वर्षभर दळत होतो. आता चाचांच्या स्कूटीमागं माझी मोटरसायकल असते, आणि मागं तो बसतो.

अष्टमीला केळापूरला पायीच गेलो. बूट घालून, सकाळचं खाऊन, गोळी घेऊन, पिशवीत भाकर. तुमची सून सोबत चालली, माय ऑटोनं आली. रस्ता आता डांबरी आहे. बाभळी कडेला अजून आहेत. गर्दी होती, पोरं अनवाणी पळत होती, मला कुठं चुकल्यासारखं वाटलं नाही. आता रोज दिवे लागताना माय ओसरीवर बसते आणि मी पाय पुढं करतो. तिला दिसत नाही धड, ती बोटांनी चाचपते, तुमची सून मलाही तळवा दिसावा म्हणून आरसा धरते, आणि दोघी मिळून माझ्या तळव्यांची अशी तपासणी करतात की सिस्टरनी करू नये. परवा बुधवारी आकडा पाहून सिस्टर म्हणाल्या, असंच ठेवा. चाचांनी लिंबाखालच्या सगळ्यांना बिनसाखरेचा चहा पाजला आणि पैसे माझ्याकडून घेतले.

लाइन आली. बायका येतील. हा कागद घडी घालून देवघरात पोथीखाली ठेवतो, तुमच्या फोटोपुढं वाचूनही दाखवणार नाही. कारण एक गोष्ट मी मायला, सुनेला, सिस्टरला कोणालाच सांगितलेली नाही. केळापूरला बूट बाहेर काढले तेव्हा मोजे ठेवायचे असं ठरलं होतं, तसे ठेवले. पण आत देवीसमोर, पुसलेल्या स्वच्छ फरशीवर, नमस्कार करून उठताना मी मोजे काढले आणि क्षणभर तसाच उभा राहिलो. फरशी गार होती. डाव्या अंगठ्यामागं एका जागी लागली नाही. बाकी सगळीकडे लागली, बाबा.